समुद्री शैवालातून सक्रिय एन्झाइम वेगळे करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिवाणू, यीस्ट किंवा प्राण्यांच्या ऊतींमधून प्रथिने शुद्ध करायची सवय असलेली मंडळी पहिल्यांदा शैवालाला हात घालतात, तेव्हा हे प्रश्न हमखास येतात. विचारतात ते कॉलमबद्दल (प्रथिने वेगळी करणारी मण्यांनी भरलेली नळी), पण यातली निम्मी उत्तरे कॉलमपर्यंत पोहोचण्याआधीच्या कामाची आहेत. अडचण बहुतेक वेळा तिथेच असते.

शैवालातून एन्झाइम काढणे इतके अवघड का?

जिवाणूची पेशी फोडली की प्रथिने आणि न्यूक्लिक आम्ले मिळतात. शैवाल वाटले की आधी हाताला लागते ती बुळबुळ. तपकिरी शैवालाच्या कोरड्या वजनात ४० टक्क्यांपर्यंत अल्जिनेट ही चिकट शर्करा असू शकते, आणि प्रथिने असतात साधारण ३ ते १५ टक्के. लाल शैवालात अगार किंवा कॅराजीनन, हिरव्या उल्व्हात उल्व्हान. अल्जिनेट, कॅराजीनन आणि उल्व्हान ही तिन्ही ऋणभारित, लांबलचक आणि पाणी धरून ठेवणारी. तपकिरी शैवालात याशिवाय फ्लोरोटॅनिन नावाची फिनॉलवर्गीय द्रव्ये असतात, ती प्रथिनांना जाऊन चिकटतात. म्हणजे शंभर ग्रॅम ओल्या शैवालातून जो अर्क मिळतो, त्यात प्रथिन हा पाहुणा असतो आणि घर चिकट शर्करांचे असते.

पहिल्या प्रयोगासाठी कोणते एन्झाइम निवडू?

ब्रोमोपेरॉक्सिडेझ, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीने ब्रोमाइडचे ऑक्सिडीकरण करणारे एन्झाइम. हान्स व्हिल्टर यांनी १९८४ साली अ‍ॅस्कोफायलम नोडोसम या तपकिरी शैवालातल्या पेरॉक्सिडेझला व्हॅनेडियम लागते हे दाखवले. व्हॅनेडियमवर चालणारे हे पहिले माहीत झालेले एन्झाइम. ते कमालीचे चिवट आहे. सेंद्रिय द्रावके सोसते, बऱ्यापैकी उष्णता सोसते, आणि नवशिक्याच्या चुकाही सोसते. शिवाय त्याची चाचणी रंग बदलणारी आहे, त्यामुळे काम बरोबर चालले आहे की नाही ते डोळ्यांना दिसते.

उलट नायट्रेट रिडक्टेझने सुरुवात करू नका. अर्क काढल्यापासून त्याची क्रियाशीलता तासागणिक ओसरत जाते. कॉलम लावेपर्यंत मोजायला काही उरत नाही आणि दोष कॉलमला दिला जातो.

मिळालेले एन्झाइम शैवालाचेच आहे हे कशावरून?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, खरे तर तो पहिला असायला हवा. शैवालाच्या पृष्ठभागावर जिवाणूंचा थर असतो. त्यातले कित्येक शैवालाच्याच शर्करा खाऊन जगतात. अल्जिनेट लायेझ किंवा अ‍ॅगरेझ (शैवालाच्या शर्करा तोडणारी एन्झाइमे) मिळाले म्हणून आनंद झाला असेल, तर आधी जिवाणूंवर संशय घ्या. ही एन्झाइमे मुख्यत्वे समुद्री जिवाणूंकडून ओळखली गेली आहेत.

मऊ ब्रशने घासा, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात दोन-तीनदा खळबळा, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. धुतलेले पाणी फेकू नका, त्यावरही चाचणी करा. क्रियाशीलता पाण्यातच जास्त असेल तर उत्तर मिळाले. गोड्या पाण्याने धुवायचे तर झटकन, शेवटी एकदाच. जास्त वेळ ठेवले तर क्षारांच्या फरकाने काही पेशी फुटतात आणि हवे तेच पाण्यात निघून जाते. पक्का पुरावा मात्र मास स्पेक्ट्रोमेट्रीचा: शुद्ध प्रथिनाचे तुकडे करून त्यांचा अनुक्रम शैवालाच्या जीनोमशी ताडून पाहायचा. एक्टोकार्पस या तपकिरी शैवालाचा जीनोम २०१० मध्ये आणि कॉन्ड्रस क्रिस्पस या लाल शैवालाचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून हे काम सोपे झाले आहे.

वाळवलेले शैवाल चालेल का?

उन्हात वाळवलेले शक्यतो नको. उष्णता, प्रकाश आणि फिनॉलांचे ऑक्सिडीकरण या तिघांच्या तडाख्यातून थोडीच एन्झाइमे वाचतात. ताजे शैवाल निथळून लगेच द्रव नायट्रोजनमध्ये (उणे १९६ अंश सेल्सिअस) टाका, गोठलेले तुकडे खलात कुटा, पिठासारखी पूड झाली की उणे ८० अंशांवर ठेवा. पूड वितळू देऊ नका, गोठलेलीच थंड बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) घाला. मिक्सरमध्ये ताजे शैवाल फिरवले तर पाती चिवट असल्याने लांब दोरे राहतात, भांडे तापते आणि फेस होतो. फेस म्हणजे प्रथिनांची हानी.

बफर कोणता घ्यावा?

ट्रिस, पीएच ८ च्या आसपास, ही साधी सुरुवात. पण ट्रिसचा पीएच तापमानाप्रमाणे सरकतो, दर अंशाला सुमारे ०.०३. पंचवीस अंशांवर ८.० लावलेला बफर चार अंशांच्या शीतकक्षात ८.६ च्या आसपास जातो. आयन एक्स्चेंजमध्ये, म्हणजे विद्युतभारावरून वेगळे करताना, एवढ्या फरकाने शिखराची (आलेखावर प्रथिन बाहेर पडते त्या उंचवट्याची) जागा बदलते. म्हणून पीएच थंड बफरमध्येच लावा.

फॉस्फेट बफर सवयीने घेतला जातो. ब्रोमोपेरॉक्सिडेझच्या बाबतीत ती सवय महागात पडते, कारण फॉस्फेट आणि व्हॅनेडेट (एन्झाइममधले व्हॅनेडियमचे रूप) यांची ठेवण सारखी. फॉस्फेट व्हॅनेडेटची जागा बळकावू शकते. मी स्वतः एकदा फॉस्फेटमध्ये डायलिसिस (पातळ पडद्याच्या पिशवीतून क्षार बदलणे) करून एन्झाइम मेले असे वहीत लिहून मोकळा झालो होतो. ते मेले नव्हते, धातू गमावून बसले होते.

प्रोटिएझ (प्रथिने तोडणारी एन्झाइमे) रोखायला पीएमएसएफ हे रसायन वापरत असाल तर ते अगदी आयत्या वेळी घाला. पाण्यात, आणि त्यातही पीएच ८ ला, त्याचे आयुष्य तासाभराहूनही कमी असते. विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा. ईडीटीए (धातू पकडून ठेवणारे रसायन) घालण्याआधी आपल्या एन्झाइमला धातू लागतो का ते पाहा.

अर्क चिकट होतो, गाळला जात नाही. काय करू?

पहिला उपाय म्हणजे बफर वाढवा. ओल्या वजनाच्या फक्त तिप्पट-चौपट बफर घेण्याचा कंजूषपणा केला तर रबडी होते.

तपकिरी शैवालासाठी दुसरा उपाय कॅल्शियम क्लोराइड. ते थोडे थोडे, ढवळत घातले की अल्जिनेट जेल होऊन खाली बसते आणि सेंट्रीफ्यूज केल्यावर वर पातळ द्रव राहतो. धोका असा की जेलच्या जाळीत एन्झाइमही अडकते. म्हणून वरचा द्रव आणि खालचा साका, दोन्हींची क्रियाशीलता मोजा. साक्यात निम्मी गेली असेल तर तो थोड्या बफरने पुन्हा धुऊन घ्या.

तिसरा उपाय मला सगळ्यांत आवडतो, पण नाजूक एन्झाइमांना तो चालत नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि पोटॅशियम कार्बोनेट एकत्र घातले की पाण्याचेच दोन थर होतात. एन्झाइम पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या थरात जाते, चिकट द्रव्य आणि टॅनिन बरेचसे मागे राहतात. व्हिल्टर यांनीच ही युक्ती शैवालासाठी रूढ केली. कार्बोनेटमुळे पीएच खूप चढतो. ब्रोमोपेरॉक्सिडेझ ते सहन करते, तुमचे एन्झाइम करेलच असे नाही. आधी दोन मिलिलिटरवर करून पाहा.

अर्क अर्ध्या तासात काळपट तपकिरी होतो. हे वाईट का?

होय. फ्लोरोटॅनिनांचे ऑक्सिडीकरण होऊन ती प्रथिनांशी कायमची जोडली जात आहेत. हे झाल्यावर एन्झाइमचा भार बदलतो, कॉलमवर शिखर पसरते आणि झालेला बदल मागे घेता येत नाही. पीव्हीपीपी, म्हणजे न विरघळणारे पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन, बफरमध्ये आधी भिजवून १ ते २ टक्के घाला. ते फिनॉल धरून ठेवते आणि सेंट्रीफ्यूजमध्ये गाळाबरोबर जाते. एस्कॉर्बिक आम्लही घालतात, पण पेरॉक्सिडेझ मोजायचे असेल तर घालू नका. ते अभिक्रियेचा रंगच खाऊन टाकते आणि एन्झाइम नाहीच असे वाटते.

याचा आणखी एक फटका प्रथिन मोजताना बसतो. लोरी पद्धतीतला अभिकर्मक फिनॉलांशीही अभिक्रिया करतो, त्यामुळे कच्च्या अर्कात प्रथिने फुगवून दिसतात. ब्रॅडफर्ड पद्धत तुलनेने बरी, तीही टॅनिनांपासून अगदी मुक्त नाही. कच्च्या अर्काचा आकडा कसाही आला तरी त्यावर फार विसंबू नका.

अमोनियम सल्फेटची पायरी गाळली तर?

गाळू नका. शर्करा बाजूला सारायला आणि आकारमान आटवायला एवढी स्वस्त दुसरी युक्ती नाही. ० अंशांवर एका लिटरला सुमारे ६९७ ग्रॅम म्हणजे १०० टक्के संपृक्तता. आधी ३० टक्क्यांपर्यंत जाऊन गाळ काढा, मग वरच्या द्रवात ७० टक्क्यांपर्यंत. मीठ चिमटीचिमटीने, फेस न होऊ देता.

पुढे डायलिसिस करताना पिशवीचा निदान तिसरा हिस्सा रिकामा ठेवून गाठ मारा. आतल्या मिठामुळे पाणी आत शिरते. गच्च भरलेली पिशवी सकाळी ताठ फुगलेली असते, किंवा फुटलेली.

पहिला कॉलम कोणता?

पाठ्यपुस्तके डीईएईसारखा ऋणायन विनिमय करणारा कॉलम सांगतात. बहुतेक आम्लधर्मी प्रथिने पीएच ८ ला ऋणभारित असतात, ती धनभारित रेझिनला (कॉलममधल्या मण्यांना) चिकटतात आणि ० ते ०.५ किंवा १ मोलर सोडियम क्लोराइडच्या चढत्या ग्रेडियंटने एकेक करून सुटतात. तत्त्व बरोबरच आहे. पण अल्जिनेट आणि कॅराजीनन प्रथिनांपेक्षा जास्त ऋणभारित. ती आधी जाऊन जागा अडवतात, प्रथिन तसेच वाहून जाते. माझ्या पहिल्या डीईएई कॉलममध्ये सकाळी थेंब पडत होते, दुपारी बंद. वरचा बोटभर थर घोटलेल्या डिंकासारखा झाला होता.

म्हणून तपकिरी शैवालासाठी मी क्रम उलटा लावतो. अमोनियम सल्फेटचा साका थेट १ ते १.५ मोलर अमोनियम सल्फेट असलेल्या बफरमध्ये विरघळवायचा, डायलिसिस न करता, आणि फेनिल कॉलमवर चढवायचा. ही हायड्रोफोबिक इंटरअ‍ॅक्शन क्रोमॅटोग्राफी. जास्त मिठात प्रथिनांचे जलद्वेषी भाग रेझिनला चिकटतात. शर्करा पाण्याच्या दोस्त, त्या सरळ वाहून जातात. मग मीठ उतरवत नेले की प्रथिने सुटतात. डीईएई त्यानंतर लावला की तो आपले काम नीट करतो.

जेल फिल्ट्रेशन शेवटी का?

कारण आकारावरून वेगळे करणाऱ्या या पद्धतीत नमुना आटत नाही, उलट पातळ होतो. आणि नमुना कॉलमच्या आकारमानाच्या १ ते ४ टक्के एवढाच चढवता येतो. १०० मिलिलिटरच्या कॉलमला फार तर ४ मिलिलिटर. सुरुवातीचा दोनशे मिलिलिटर अर्क त्यातून काढायला बसलात तर आठवडे जातील.

रेझिन निवडताना एन्झाइमचा अखंड आकार पाहा, उपघटकाचा नव्हे. कोरॅलिना ऑफिसिनॅलिस या लाल शैवालातले ब्रोमोपेरॉक्सिडेझ बारा उपघटकांचे असते, प्रत्येक सुमारे ६४ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक), म्हणजे एकूण साडेसातशेच्या पुढे. लहान प्रथिनांसाठीच्या रेझिनमध्ये ते ब्लू डेक्स्ट्रान या खुणेसाठी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या निळ्या रेणूबरोबर अगदी सुरुवातीलाच बाहेर पडते, आणि उरलीसुरली लांब शर्करा नेमकी तिथेच असते. ज्यांना कॉलमने काहीच वेगळे केले नाही असे वाटते, त्यांनी आधी हे तपासावे.

२८० नॅनोमीटरला मोठे शिखर आले, पण क्रियाशीलता शून्य. असे कसे?

अगदी नेहमीचे आहे. २८० ला प्रथिनांप्रमाणे फिनॉलही प्रकाश शोषतात आणि न्यूक्लिक आम्लांची शेपूटही तिथपर्यंत येते. शैवालात सर्वांत उंच शिखर बहुधा तुमच्या कामाचे नसते.

फ्रॅक्शन, म्हणजे कॉलममधून ओळीने गोळा केलेल्या द्रवाचा एकेक भाग, निवडायचे ते क्रियाशीलतेवरून. ब्रोमोपेरॉक्सिडेझसाठी असे करा: ९६ खणांच्या प्लेटमध्ये पीएच ६.५ च्या बफरमध्ये फिनॉल रेड आणि पोटॅशियम ब्रोमाइड घाला. सगळे खण पिवळे दिसतात. प्रत्येक खणात एका फ्रॅक्शनचे १० मायक्रोलिटर, मग शेवटी पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन-तीन मिनिटे काही होत नाही. मग मधल्याच एखाद्या खणात हिरवट छटा येते, शेजारच्या दोन खणांत ती निळी-जांभळी होते, कडेचे खण पिवळेच राहतात. फिनॉल रेडचे ब्रोमोफिनॉल ब्लू झाले. आलेखावर त्या फ्रॅक्शनपाशी पाहिले तर २८० चा एक किरकोळ उंचवटा असतो, ज्याकडे कोणी बघितलेही नसते.

नेमके मोजमाप मोनोक्लोरोडायमेडोनचे २९० नॅनोमीटरवरचे शोषण घटते त्यावरून. प्रत्येक वेळी तुलनेसाठी तीन नमुने (कंट्रोल) ठेवा: पेरॉक्साइडशिवाय, ब्रोमाइडशिवाय आणि उकळलेला अर्क. हे एन्झाइम इतके चिवट की उकळणेही मनापासून करावे लागते. मिनिटभर गरम करून भागत नाही.

लाल शैवालाचा गुलाबी रंग कॉलममध्ये उतरतो. तो काढून टाकू का?

आधी त्याचा उपयोग करून घ्या. तो फायकोएरिथ्रिन, सुमारे २४० किलोडाल्टनचे प्रथिन, ४९८, ५४५ आणि ५६५ नॅनोमीटरच्या आसपास शोषणारे. एन्झाइम नव्हे, पण कॉलम कसा भरला आहे ते तो फुकटात दाखवतो. गुलाबी पट्टा सपाट खाली सरकला तर कॉलम नीट. तिरका झाला किंवा कडेने जीभ काढली तर पॅकिंग बिघडले आहे, पुन्हा भरा. क्रोमॅटोग्राफी जन्मली तीच वनस्पतींच्या रंगांतून. मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानातली रंगद्रव्ये कॅल्शियम कार्बोनेटच्या नळीतून वेगळी केली, तेव्हा त्यांच्याकडेही डोळे हाच डिटेक्टर होता.

डीईएईवर क्रियाशीलतेची दोन शिखरे आली. चूक झाली का?

बहुधा नाही. अ‍ॅस्कोफायलममध्येच ब्रोमोपेरॉक्सिडेझची दोन रूपे आहेत, एक आतल्या भागात, एक पृष्ठभागाजवळ. दोन्ही शिखरे वेगळी ठेवा. ताज्या शैवालाचा नमुना पुन्हा चालवा. दुसरे शिखर फक्त जुन्या अर्कातच दिसत असेल तर ते प्रोटिएझने कुरतडलेले किंवा टॅनिन जोडलेले रूप असू शकते.

शुद्धीकरण जमले हे आकड्यांत कसे सांगायचे?

दर पायरीला एकूण प्रथिन, एकूण क्रियाशीलता आणि त्यांचा भागाकार, म्हणजे विशिष्ट क्रियाशीलता. समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. कच्च्या अर्कात ४०० मिलिग्रॅम प्रथिन आणि १,००० युनिट, म्हणजे मिलिग्रॅममागे २.५. शेवटच्या कॉलमनंतर ३ मिलिग्रॅम आणि ४२० युनिट, म्हणजे १४०. शुद्धता ५६ पट वाढली, हाती ४२ टक्के राहिले. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल अभिक्रिया, तापमान आणि पीएच लिहिल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

हाती १०० टक्क्यांहून जास्त आले तर घाबरू नका आणि नाचूही नका. कच्च्या अर्कातला एखादा रोधक (एन्झाइमचे काम अडवणारे द्रव्य) निघून गेला असेल. शैवालात हे बऱ्याचदा होते.

एखाद्या पायरीत क्रियाशीलता अचानक नाहीशी होते. शोधायचे कुठे?

आधी सगळी फ्रॅक्शने, वाहून गेलेल्या द्रवासकट, थोडी थोडी एकत्र करून मोजा. एकत्र केल्यावर क्रियाशीलता परतली तर एन्झाइमचा साथीदार, धातू किंवा दुसरा उपघटक, वेगळ्या फ्रॅक्शनमध्ये गेला आहे. व्हॅनेडियमचे एन्झाइम असेल तर सोडियम ऑर्थोव्हॅनेडेट घालून काही तास ठेवून पाहा. मघाशी सांगितलेले माझे ‘मेलेले’ एन्झाइम असेच उठून बसले. यानेही परतले नाही तर शेवटी २ मोलर मीठ सोडून कॉलमला काय चिकटून राहिले ते पाहा. फार पातळ द्रावणात प्रथिन नळीच्या भिंतीलाही चिकटते.

जेलवर एकच पट्टा आला म्हणजे शुद्ध?

एसडीएस जेलवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करणारे जेल) एकच पट्टा हे चांगले लक्षण, पुरावा नव्हे. शर्करांना प्रथिने रंगवणारा कूमासी रंग लागत नाही, त्यामुळे शुद्ध दिसणाऱ्या नमुन्यातही त्या असू शकतात. ब्रोमोपेरॉक्सिडेझमध्ये एक सोय आहे. नमुना न उकळता चालवला तर ते जेलमध्येही काम करत राहते. जेल चाचणीच्या द्रावणात बुडवले की पट्ट्याची जागा रंगते, आणि कूमासीचा पट्टा तोच की दुसरा ते कळते.

कॉलम स्वच्छ कसा करू?

२ मोलर सोडियम क्लोराइड, मग ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, भरपूर पाणी, आणि ठेवताना २० टक्के इथेनॉल. अल्जिनेट लागलेल्या कॉलममधून आम्ल किंवा कॅल्शियमचा बफर कधीही सोडू नका. अल्जिनेट आतच जेल होऊन बसते आणि मग रेझिन फेकण्यावाचून इलाज नसतो. तपकिरी शैवालासाठी वेगळा कॉलम ठेवा, त्याचा चहासारखा डाग पूर्ण जात नाही.

अ‍ॅगरेझ शुद्ध करायचे असेल तर हेच सगळे चालेल का?

जवळपास, पण कॉलम कशाचा आहे ते पाहून. प्रथिनांसाठीची बरीच रेझिने अ‍ॅगरोजच्या मण्यांची असतात आणि अ‍ॅगरोज येते लाल शैवालातून. म्हणजे अ‍ॅगरेझला तुम्ही त्याच्याच जेवणात सोडता. ते मण्यांना धरून राहते, उशिरा बाहेर पडते आणि आकाराने आहे त्यापेक्षा लहान भासते. जेल फिल्ट्रेशनसाठी पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचे किंवा डेक्स्ट्रानचे मणी घ्या. त्याच गुणाचा फायदाही घेता येतो: साध्या अ‍ॅगरोजचा छोटा कॉलम थंडीत भरून अ‍ॅगरेझ त्यावर अडवायचे, बाकीची प्रथिने धुऊन काढायची आणि मग ते सोडवायचे. फक्त हे काम झटपट उरका. रात्रभर तसेच ठेवले तर ते कॉलमच पचवायला लागते.